भाकरीबरोबर येणारा धूर

मराठी माणसाच्या मनात धुराविषयी वैर नाही. संध्याकाळी वस्तीवरच्या छपरांतून निळसर धूर वर चढू लागला, की दुरून येणाऱ्या वाटसरूला हायसे वाटते. तिथे माणसे आहेत, तिथे काहीतरी शिजते आहे, आपल्यालाही घोटभर चहा मिळेल, असा भरवसा त्या धुरातून मिळतो. उलट ज्या घरावर दिवसभर धूर दिसत नाही, त्या घराची शेजाऱ्यांना काळजी वाटते. ‘आज त्यांच्याकडे चूल पेटली नाही’ ह्या एका वाक्यात आपल्या भाषेने दारिद्र्य, उपासमार आणि मृत्यू ह्या तिन्ही गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे लोक पिठले-भाकरी घेऊन जातात. भाऊ वेगळे झाले, की चुली वेगळ्या झाल्या असे आपण म्हणतो, आणि घरोघरी मातीच्याच चुली असतात असे सांगून एकमेकांचे सांत्वनही करतो. अशा ह्या चुलीच्या धुराला शत्रू म्हणायला जीभ रेटत नाही.

तरीही ते म्हणायला हवे, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. ह्या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

धर्मगुरूला एक अधिकार आपोआप लाभतो. तो घराच्या ओसरीवर थांबत नाही. घराला आशीर्वाद देताना तो पवित्र पाणी शिंपडत खोलीखोलीतून जातो आणि शेवटी स्वयंपाकघरात पोहोचतो. आजाऱ्याला भेटायला गेला, की थेट आतल्या खोलीत त्याच्या उशाशी बसतो. डॉक्टरांना रुग्ण दवाखान्यात भेटतो. मला तो त्याच्या घरात, त्याच्या नित्याच्या हवेत भेटतो. त्यामुळे वैद्यकशास्त्राचे शिक्षण नसतानाही काही गोष्टी माझ्या नजरेस पडत गेल्या.

गेली पंचवीस वर्षे मी पूर्वीच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा करीत आहे. ह्या काळात घरे बदलली. धाब्याची घरे पडत गेली, पत्र्याची उभी राहिली, मागाहून घरकुल योजनेतील सिमेंटच्या दोन खोल्या आल्या. जुन्या धाब्याच्या घराला छतात एक साणे असे. त्यातून उजेड खाली येई आणि धूर वर जाई. सिमेंटच्या स्लॅबला कोणी साणे ठेवीत नाही. खिडकी असते, परंतु चोराच्या, मांजराच्या आणि थंडीच्या भीतीने तिला फळी ठोकलेली असते. अशा खोलीत चूल पेटते. चुलीत वाळलेल्या बाभळीचे सरपण असेल तर बरे. पुष्कळदा कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचे पाचट आणि पावसाळ्यात अर्धवट ओल्या गोवऱ्या असतात. चुलीमागची भिंत काळी पडते, आढ्याला काजळीची जळमटे लोंबू लागतात. सणाच्या आधी घरची मंडळी भिंतीला चुना देतात आणि महिन्याभरात ती पुन्हा काळी होते. भिंतीचे हे वार्षिक गणित घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. मात्र जी बाई रोज तीन-चार तास त्या भिंतीसमोर बसते, तिच्या छातीच्या आत काय साचत असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

चुलीजवळ एक फुंकणी पडलेली असते. जाळ विझू लागला, की बाई ती उचलते, खोल श्वास घेते आणि सारा श्वास विस्तवात ओतते. जाळ धरला जातो. त्या क्षणी धुराचा लोट उलटून तिच्या तोंडावर येतो आणि फुंकून रिकामी झालेली छाती तोच धूर आत ओढून घेते. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो, असे वर्णन आहे. सेमिनरीत असताना त्या उताऱ्यावर आम्ही बरेच तात्त्विक चिंतन केले होते. आता तो उतारा वाचताना मला अनेकदा फुंकणी हातात घेतलेली बाई दिसते. ती घराला श्वास देते आणि त्या बदल्यात तिला धूर मिळतो.

धर्मग्रामाच्या कार्यालयात मृतांची नोंदवही असते. नाव, वय, दफनाची तारीख आणि मृत्यूचे कारण, असे तिचे रकाने. एका पावसाळ्यात दुसऱ्याच कामासाठी जुन्या वह्या चाळीत असताना माझी नजर शेवटच्या रकान्यावर रेंगाळली. ‘दमा’, ‘खोकला’, ‘छातीचा विकार’ हे शब्द पुनःपुन्हा येत होते. पुरुषांच्या नावांपुढे ते होतेच, आणि त्याचे नवल वाटले नाही, कारण विडी त्या पिढीच्या हातातून सुटलीच नव्हती. परंतु स्त्रियांच्या नावांपुढेही तोच शब्द होता आणि वय पन्नास, बावन्न, पंचावन्न असे होते. ह्या बायांनी मिसरी लावली असेल, पण विडी ओढली नव्हती.

त्यांपैकी एकीच्या अखेरच्या दिवसांत मी तिला पवित्र ख्रिस्तशरीर देण्यासाठी जात असे. तिला आडवे होता येत नसे. उशी गुडघ्यांवर घेऊन, तिच्यावर हात टेकून ती रात्र काढी. खाट दाराच्या तोंडाशी आणून ठेवा, असा तिने हट्ट धरला होता. वाक्य पूर्ण करण्याइतका श्वास तिच्यापाशी उरला नव्हता, म्हणून ती बोलण्याऐवजी दाराकडे बोट दाखवी. दफनविधीनंतर तिचा मोठा मुलगा मागे राहिला. ट्रक चालविणारा, कमी बोलणारा मनुष्य. तो म्हणाला, “फादर, आईनं जल्मात विडीला हात लावला नाही. बापानं दिवसाला दोन बंडलं ओढली आन् तो अजून रानात जातोय. मग आईलाच कसा ह्यो दमा?”

ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्या प्रवचनात नव्हते. ते वैद्यकात होते, आणि फार पूर्वीच दिले गेले होते.

दिल्लीत डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती नावाच्या हृदयरोगतज्ज्ञ होत्या. ब्रह्मदेशात १९१७ साली जन्मलेल्या ह्या विदुषीने आपल्या देशात हृदयरोगचिकित्सेचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ती निकामी होते, अशा १२७ रुग्णांचा अभ्यास त्यांनी डॉ. पाठक ह्यांच्यासह १९५९ साली प्रसिद्ध केला. हा विकार पाश्चात्त्य देशांत प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा मानला जाई. दिल्लीत मात्र स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास तेवढेच होते, आणि त्या स्त्रियांपैकी फारच थोड्या धूम्रपान करीत होत्या. मग कारण काय? पद्मावतींनी बोट दाखविले ते स्वयंपाकघरातील धुराकडे. तो ट्रकचालक जन्मण्यापूर्वीच त्याच्या प्रश्नाचे उत्तर छापून आले होते. डॉ. पद्मावती २०२० च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, कोविडने निवर्तल्या.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ कर्क स्मिथ ह्यांचेही निधन झाले. १९८१ साली ते गुजरातच्या खेड्यांत आले आणि भारतीय सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच हवा मोजण्याची उपकरणे लावली. तोवर प्रदूषणाचे मापन कारखान्यांच्या धुराड्यांजवळ आणि शहरांच्या चौकांत होत असे. चुलीपुढच्या हवेत लहानमोठे कण मिळून दर घनमीटरला जवळपास ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम इतके भरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अतिसूक्ष्म कणांचे चोवीस तासांचे प्रमाण १५ मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये. गुजरातेत सर्व आकारांचे कण मोजले होते आणि तेही स्वयंपाकाच्या वेळेपुरते, त्यामुळे दोन आकड्यांची सरळ तुलना करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु त्यांच्यातील अंतर किती आहे, हे कळायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

हा अतिसूक्ष्म कण म्हणजे काय, तेही पाहू. ज्याला ‘पीएम २.५’ म्हणतात, त्याचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतका असतो. धुळीचा मोठा कण नाकातील केसांत व घशातील ओलाव्यात अडकतो. शिंक येते, खोकला येतो, आणि तो बाहेर पडतो. हा सूक्ष्म कण मात्र ह्या पहारेकऱ्यांच्या हाती लागत नाही. तो फुप्फुसांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत जातो. तिथे रोज थोडी थोडी सूज येत राहते, श्वासनलिका अरुंद होतात आणि वायुकोशांचे पडदे झिजतात. ज्याला आपण सरसकट ‘दमा’ म्हणतो, तो बहुधा हा विकार असतो. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. दमा उसळतो आणि ओसरतो. हा विकार ओसरत नाही, झिजलेले पुन्हा भरून येत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स ह्यांनी २००९ साली धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीवर एक महत्त्वाचा लेख लिहिला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-शेणाच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी. तेव्हा जगभरात ह्या विकाराचे सर्वांत मोठे कारण चुलीचा धूरच असू शकेल, असे त्यांनी त्यात दाखवून दिले.

फुप्फुसांपुरतेच हे थांबत नाही. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचा कर्करोग आणि मोतीबिंदू ह्यांच्याशीही घरातील धुराचा संबंध जोडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील हवेच्या प्रदूषणाने जगात सुमारे ३२ लाख लोक मृत्यू पावले, आणि त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

बालकांचा उल्लेख आला, म्हणून बाळंतिणीच्या खोलीविषयीही बोलले पाहिजे. आपल्याकडे ही खोली अंधारी आणि बंद ठेवण्याची रीत. वारा लागू नये म्हणून फटी चिंध्यांनी बुजवायच्या, खाटेखाली शेगडी ठेवायची, बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची. ह्या साऱ्यामागे माया आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची काळजी आहे, आणि म्हणून तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तान्हे मूल आपल्यापेक्षा कितीतरी भरभर श्वास घेते, आणि त्याची फुप्फुसे अजून घडत असतात. शेगडीतील निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. बंद खोलीत निखारे ठेवून झोपी गेलेली माणसे सकाळी उठत नाहीत, त्याचे कारण हेच. परिचर्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी परिचर्येवरील आपल्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण खोलीतील शुद्ध हवा आणि ऊब ह्या विषयाला दिले होते. आजाऱ्याला गारठा न लागू देता त्याची हवा ताजी ठेवणे, ही शुश्रूषेची पहिली पायरी त्यांनी मानली. त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली, आणि आपल्या आजाऱ्यांच्या खिडक्या मात्र अजून बंदच आहेत.

ह्या धुरावर कोणी उपायच केला नाही, असे नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्या मंडळींनी ‘मगन चूल’ तयार केली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू ह्यांनी धुराडे असलेली चूल बनविली, आणि १९५० च्या दशकात कोट्यवधी निर्धूर स्वयंपाकघरांचे स्वप्न मांडणारी एक पुस्तिका लिहिली. मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने ती प्रकाशित केली, ही गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. पुढे १९८३ नंतर केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ साली तो बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या. आमच्या भागातही त्या बसल्या. वर्ष-दोन वर्षांत बहुतेकींचे पाइप काजळीने तुंबले. पाइप साफ कोणी करायचा, त्यासाठी छपरावर कोणी चढायचे, फुटलेला भाग कुठून आणायचा, ह्याचा विचार झालाच नव्हता. चुलीचे तोंड लहान असल्याने सरपण बारीक फोडावे लागे. ते फोडण्याचे काम बाईचेच. नवी चूल घरात आली आणि बाईचे एक काम वाढले. तिने काही काळाने ती फोडून पुन्हा आपली तीन दगडांची चूल मांडली, ह्यात नवल काय?

मग गॅस आला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आठ कोटीवी जोडणी एका महिलेच्या हाती देण्यात आली. हे काम लहान नव्हे. ज्या घरात काडेपेटीही जपून वापरली जाते, त्या घरात बटण फिरवताच निळी ज्योत उमटावी, ही क्रांतीच म्हणायची. परंतु भारताच्या महालेखापरीक्षकांनी त्याच वर्षीच्या अहवालात एक गोष्ट नोंदविली. ह्या योजनेतील लाभार्थी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडरच भरून घेत होते. चार-पाच माणसांचा सारा स्वयंपाक गॅसवर करायचा, तर महिन्या-दीड महिन्याला एक सिलिंडर लागतो. म्हणजे उरलेले महिने चूल पेटतच होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ ह्या काळात, देशातील ५८.६ टक्के घरे स्वयंपाकासाठी प्रामुख्याने स्वच्छ इंधन वापरताना आढळली. खेड्यांत हे प्रमाण ४३.२ टक्केच होते.

ह्या आकड्यांमागचे दृश्य माझ्या परिचयाचे आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लाल सिलिंडर उभा असतो. त्याला लोकरीचे विणलेले आवरण असते, वर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी, आणि शेजारी चूल धगधगत असते. एका ताईंना मी विचारले, “ताई, गॅस बिघडला का?” त्या हसल्या. “बिघडायला काय झालं त्याला? पाव्हणं आले की च्या ठेवते त्याच्यावर. सिलिंडर म्हंजी माझी चार दिसाची मजुरी, फादर. सरपान रानातून येतं.” मी गप्प झालो. तिला गॅसचे फायदे कळत नाहीत, असे म्हणून आपण तिचा अपमान करू नये. तिचा हिशेब चोख आहे; त्या हिशेबात एकच खर्च धरलेला नाही, आणि तो तिच्या श्वासाचा आहे. सरपण रानातून फुकट येते हे खरे, पण ते तिच्याच डोक्यावरून येते. तिचे तास कोणी मोजीत नाही, तसेच तिचा खोकलाही कोणी मोजीत नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने गरीब कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना जाहीर केली. तीन सिलिंडर म्हणजे वर्षातले चार महिने. उरलेल्या आठ महिन्यांचे काय, हा प्रश्न घरातल्या माणसांनी एकत्र बसून सोडवायचा आहे.

ह्या ठिकाणी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्या तमिळनाडूतील सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि दीड वर्ष पुरेल इतका गॅस फुकट देण्यात आला. त्या स्त्रियांच्या श्वासातील सूक्ष्म कण बरेच कमी झाले. परंतु २०२२ साली निष्कर्ष हाती आले, तेव्हा बाळांच्या जन्माच्या वजनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पुढे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तान्ह्या मुलांच्या तीव्र न्यूमोनियातही तो आढळला नाही. ह्यावरून चुलीचा धूर निरुपद्रवी आहे, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. फुप्फुसांची झीज पंचवीस-तीस वर्षांत होते आणि हा अभ्यास त्या झिजेचा नव्हता. परंतु एका घरात उशिरा पोहोचलेली एक शेगडी सारे काही बदलून टाकील, ही आपली समजूत भाबडी आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते. बाई गरोदर होण्यापूर्वी कितीतरी वर्षे, लहानपणापासून, ती त्या धुरात बसलेली असते. आणि आपल्या घरी गॅस आला, तरी शेजारच्या चुलीचा धूर आपल्या दारातून आत येतो. घर आपले असते, भिंती आपल्या असतात. हवा मात्र सगळ्या आळीची असते. कोविडच्या साथीने २०२० नंतर हेच निराळ्या रीतीने शिकविले. एका खोलीत बसलेली माणसे एकमेकांचा श्वास वाटून घेत असतात.

शहरातील वाचकाला वाटेल, की हे सारे खेड्यांचे दुखणे आहे. तसे नाही. खेड्यातील बाई चुलीपुढे बसते, आणि शहरातील कुटुंब दारे-खिडक्या लावून, डासांसाठी कॉइल पेटवून झोपते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म कण बाहेर टाकते, तितके टाकण्यासाठी ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. ज्या आईबापांनी घरात कोणाला सिगारेट ओढू दिली नसती, तेच मुलाच्या उशाशी कॉइल लावतात. मच्छरदाणी मात्र माळ्यावर पडून असते. देवघरातील उदबत्ती, मेणबत्ती, आणि आमच्या वेदीपुढचा धूपही ह्या नियमाला अपवाद नाही. धूप ही प्रार्थनेची खूण आहे आणि मला ती प्रिय आहे. परंतु खालच्या छताच्या लहान प्रार्थनाघरात, पुढच्या बाकावर म्हातारी माणसे बसलेली असताना, आम्ही आता चिमूटभरच धूप घालतो आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या आधी उघडतो. प्रार्थना त्यामुळे कमी वर जाते, असे कोणी म्हटलेले नाही.

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या भागात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. थंडीत चूल आत, मुले आत, आणि धुराला वाट फक्त दाराची. ह्या लोकांना सिमेंटची घरे आणि सिलिंडर मिळतील तेव्हा मिळोत. पण तोवर करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. चूल शक्यतो उघड्यावर किंवा आडोशाला मांडावी. घरातच असेल, तर तिच्या वर, छताच्या लगत, समोरासमोर दोन झरोके ठेवावेत. गरम धूर वर जातो आणि त्याला वाट मिळाली की थांबत नाही. पावसाळ्याचे सरपण उन्हाळ्यातच वाळवून झाकून ठेवावे, कारण ओले लाकूड सर्वांत जास्त धूर करते. डाळ-कडधान्य आधी भिजत घालावे, भांड्यावर झाकण ठेवावे; जाळ जेवढा कमी वेळ, तेवढा धूर कमी. चूल पेटलेली असताना तान्ह्याला काखेत किंवा मांडीवर घेऊन बसू नये. त्याला दुसऱ्या कोणी सांभाळावे. धुराड्याची नळी असेल, तर ती महिन्याला साफ करावी आणि हे काम घरातल्या पुरुषाने करावे. शेगडी घेऊन बंद खोलीत कधीही झोपू नये. आणि सिलिंडर संपत आला, की तो भरून आणण्याचा खर्च बाईच्या मजुरीतून न काढता घराच्या खर्चातून काढावा, जसा मोटारसायकलच्या पेट्रोलचा काढला जातो.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या धर्मग्रामातील महिला बचत गटाने एक साधी गोष्ट केली. दर आठवड्याच्या बचतीतून थोडी रक्कम वेगळी काढून ‘गॅसची पेटी’ सुरू केली. ज्या सदस्येचा सिलिंडर संपेल, तिला पेटीतून पैसे मिळतात आणि ती ते हप्त्याहप्त्याने परत करते. पहिल्या सभेला बायकांनी एक ठराव केला. पेटीचे पैसे न्यायला नवऱ्याने स्वतः यायचे. सुरुवातीला दोघेच आले, तेही मान खाली घालून. आता ओळ लागते, असे मी म्हणणार नाही, पण येतात. त्यांतल्या एकाने मला सांगितले, की भाकरी मात्र चुलीवरचीच बरी लागते. मी त्याला म्हटले, “मग भाकरीपुरती चूल अंगणात मांड, आणि सरपण तू फोड.” त्याने तेवढे केले.

वाचकांनी ह्या लेखातील आकडे विसरले तरी चालतील. एक विनंती मात्र आहे, आणि ती विशेषतः पुरुष वाचकांना आहे. ज्यांच्या घरी किंवा गावाकडे अजून चूल पेटते, त्यांनी एखाद्या संध्याकाळी पाट घेऊन चुलीपुढे बसावे. भाकरीच्या पहिल्या पिठापासून शेवटचा निखारा विझेपर्यंत, मध्ये न उठता बसावे. जाळ मंदावला, की फुंकणी आपण उचलावी. त्यानंतर जेवायला बसावे, आणि जेवताना घरातल्या बाईला विचारावे, की शेवटचा सिलिंडर केव्हा भरला होता.